दुसरा गिअर केव्हा पडावा

सकाळी 6.45

ऑक्टोबरात कोलंबसला पावणेसात म्हणजे अंधारच. हे कोलंबस ओहायोतलं नव्हे, इंडियानातलं. क्लेसी कमिन्सनं 1919 साली इथे डिझेल इंजिनांची कंपनी काढली आणि गावाचं नशीब त्या इंजिनाला जोडलं गेलं. पुण्यात 1962 साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, तेव्हापासून कोथरूड आणि हे गाव यांच्यात माणसांची ये-जा आहे. त्यामुळे इथल्या वाण्याच्या दुकानात पोह्यांच्या कपाटापाशी हटकून मराठी कानावर पडतं. माझी बायको त्याच कंपनीत आहे. मी मात्र गावाबाहेरच्या दोन लिफ्टच्या गॅरेजात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनची कामं करतो. नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना हे सांगितलं की ती क्षणभर थांबतात, आणि मग हवापाण्याबद्दल विचारतात.

दाराशी 1995 सालचा डॉज रॅम 2500 उभा आहे. मालक रात्री लावून गेला. सहा सिलिंडरचं 5.9 लिटरचं कमिन्स, बारा व्हॉल्व्हचं, आणि मागे 47आरएच नावाचं चार गिअरचं ऑटोमॅटिक. किल्लीसोबत चिठ्ठी आहे: रिकामी गाडी फार लवकर गिअर बदलते, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मध्येच पळतं, आणि गुरांचा ट्रेलर लावला की चढावर जीव घेते. खाली अधोरेखित करून लिहिलंय: केबल टाइट करून द्या.

रोगाऐवजी औषध लिहून आणणारं गिऱ्हाईक जगात सगळीकडे सारखंच.

7.20

चाकं बघितली. कंपनीतून आली तेव्हा या गाडीला 245/75 आर 16 मापाचे टायर असावेत. आता 285/75 आहेत. घेर पावणेआठ टक्क्यांनी वाढला. मीटर साठ मैल दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ पासष्टनं पळत असते. ट्रान्समिशनला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त आपल्या मागच्या शाफ्टचे फेरे कळतात. म्हणजे मोठे टायर लावले की प्रत्येक गिअर रस्त्यावरच्या हिशेबानं थोडा उशिरा पडायला हवा. या गाडीत तो लवकर पडतोय. तेव्हा बिघाड चिठ्ठीत दिसतो त्याहून थोडा मोठाच आहे.

7.40

इंजिन चालू केलं. बारा व्हॉल्व्हचं कमिन्स थंडीत सुरू होताना जो खडखडाट करतं तो ऐकून हायवेच्या ढाब्यावरची पहाट आठवते, आणि त्याला कारण आहे. टाटा कमिन्सचा कारखाना 1993 साली ठरला, जमशेदपूरला, आणि हेच 5.9 लिटरचं इंजिन टाटाच्या 1613 मालवाहू ट्रकमध्ये बसलं. फरक एवढाच की तिकडे त्यामागे क्लच आणि हातानं टाकायचा गिअर, आणि इकडे हे ऑटोमॅटिक.

गाडी वीस मिनिटं चालवून गरम केली आणि मग तेलाची पट्टी काढली. इथे बहुतेकजण चुकतात. बाकीच्या कितीतरी ऑटोमॅटिक गाड्यांत तेल पार्कमध्ये बघतात. या ट्रान्समिशनमध्ये पार्कला टाकलं की इंजिनाला ट्रान्समिशनशी जोडणाऱ्या कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, म्हणून पट्टी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू असताना बघायची. पार्कमध्ये बघून कमी-जास्त केलेलं तेल म्हणजे निम्म्या तक्रारींचं मूळ. इथे पातळी थोडी कमी निघाली. वास जळका नव्हता, हा मोठाच दिलासा. रंगावरून मी काही ठरवत नाही. या गाडीला एटीएफ प्लस 4 लागतं, आणि ते तेल चांगलं असतानाही काळपट होतं. डेक्स्ट्रॉन ओतून ‘लाल आहे ना, मग झालं’ म्हणणारेही भेटतात. गाडी त्यावरही चालते, पण थरथरत चालते.

8.30

हाताखालचा पोरगा आला. विशीतला आहे, हात चांगला आहे, घाई फार. त्याला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलं आणि रस्त्यावर निघालो. खरं तर लॅपटॉपचा उपयोग नव्हता. या गाडीत पहिला, दुसरा, तिसरा हे गिअर कुठलाही संगणक टाकत नाही. ते सगळं तेलाच्या दाबावर चालतं. वीज लागते ती ओव्हरड्राइव्हला आणि कन्व्हर्टरच्या लॉकअपला. पुढच्याच वर्षी, 1996 ला, 47आरई आलं आणि त्यात गव्हर्नरचा दाब विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइडच्या हाती गेला. पोरग्याला ते ठाऊक आहे. हे जुनं ठाऊक नाही, म्हणून बरोबर घेतला.

कागदावर लिहून घेतलं. हलक्या पायानं दुसरा गिअर 9 मैलांवर, तिसरा 15 वर. अर्धा पाय दाबून तिसरा 24 वर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काटा दोनशे-तीनशे फेऱ्यांनी उसळतो आणि मग गिअर धरतो. गिअर पडतानाचा धक्का जवळपास नाहीच. पोरगा म्हणाला, किती मऊ चालते!

हाच तो मऊपणा. लोणी लावल्यासारखा गिअर पडला की मालक खूश होतो, पण आत त्या वेळी क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घासत असतात. डिझेलची ओढ खालच्या फेऱ्यांनाच जबर असते. या इंजिनाची कमाल ओढ 1600 फेऱ्यांच्या आसपास मिळते, आणि इंजेक्शन पंपाचा गव्हर्नर 2500 च्या सुमाराला इंधन तोडतो. तेवढ्या अरुंद पट्ट्यात सगळा जोर. तो जोर जर ढिल्या धरलेल्या क्लचवर पडला तर प्लेट किती दिवस टिकणार?

9.30

गाडी लिफ्टवर घेतली. हात लावण्याआधी पोरग्याला समजावून सांगावं लागलं, ते इथेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ट्रान्समिशनच्या पोटात व्हॉल्व्ह बॉडी असते. तिच्यातल्या प्रत्येक शिफ्ट व्हॉल्व्हमध्ये रस्सीखेच चाललेली असते. एका बाजूनं ट्रान्समिशनच्या गव्हर्नरचा दाब ढकलतो. तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, ढोबळमानानं ताशी मैलामागे एक पौंड. दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग आणि थ्रॉटलचा दाब ढकलतो. तो ड्रायव्हरच्या पायाबरोबर वाढतो. वेग जिंकला की वरचा गिअर पडतो. पाय जोरात दाबला असेल तर वेगाला जिंकायला वेळ लागतो, गिअर उशिरा पडतो, आणि चढावर तेच हवं असतं.

आता पाय किती दाबलाय हे ट्रान्समिशनला सांगणार कोण? पेट्रोलच्या कितीतरी जुन्या गाड्यांत हे काम इंजिनातला व्हॅक्यूम करायचा. डिझेलमध्ये हवेची वाट अडवणारी झडपच नसते, मग व्हॅक्यूम कुठला? म्हणून जीएमच्या 6.2 लिटर डिझेलवर वेगळा व्हॅक्यूम पंप आणि इंजेक्शन पंपावर एक नियंत्रक व्हॉल्व्ह बसवत. डॉजनं सरळ वाट धरली: पंपाच्या थ्रॉटलच्या दांड्यापासून ट्रान्समिशनच्या डाव्या कुशीतल्या आर्मपर्यंत एक केबल. हीच ती चिठ्ठीतली केबल.

आणि तिच्या हातात दोन गोष्टी आहेत, हे मालकांना माहीत नसतं. केबल ओढली की गिअर उशिरा पडतो, एवढंच नाही. क्लच आणि बँड दाबून धरणारा मुख्य दाबही वाढतो. ढिली सोडली की गिअर लवकर पडतो आणि पकडही मऊ होते. तेव्हा ही केबल आवडीनिवडीची वस्तू नाही. गिअर केव्हा पडावा हे मनासारखं करून घ्यायला जो ती ढिली करतो, तो त्याच हातानं क्लच जाळतो.

10.15

पहिला हात केबलला नाही, आयडलला. ड्राइव्हमध्ये, एसी चालू ठेवून, 750 ते 800 फेरे असायला हवेत. कमी भरले. स्क्रू फिरवून जागेवर आणले. हा क्रम उलटा केला तर दांड्याची बसायची जागाच सरकते आणि केबलचं माप पुन्हा चुकतं. पोरग्यानं विचारलं, एवढंसं सरकल्यानं काय होतं? केबलची सगळी चाल काही बोटांचीच असते, त्यात एवढंसं म्हणजे पुष्कळ.

मग दांड्याचा सांगाडा तपासला. पंपाशेजारी एक जोडसांधा आहे, त्यावर एक्सलरेटरची केबल, ट्रान्समिशनची केबल आणि थ्रॉटलचा सेन्सर अशी तिघांची गर्दी. इथले बुश झिजले की दांडा आधी आपल्या भोकातच हलतो आणि केबलला उशिरा खबर जाते. या गाडीत बुश ठीक होते. पण सांध्याच्या बोल्टांवर नव्या पान्याच्या खुणा दिसल्या. मालकाला फोन केला. हो, उन्हाळ्यात कुणाकडून तरी इंजेक्शन पंप उतरवून बसवला होता. गाडी तेव्हापासूनच अशी चालते का? जरा थांबून म्हणाला, आता म्हणता तर हो.

मला जे हवं होतं ते मिळालं. पंप बसवणाऱ्यानं केबल अडकवली, जुळवली नाही.

11.00

जुळवण्याची रीत साधी आहे आणि दोन माणसं लागतात. इंजिन बंद. पोरगा आत बसून पायानं एक्सलरेटर हळूहळू दाबतो. हातानं दांडा ओढून बघायचं नाही, कारण खरी चाल पायाचीच, आणि पायाखाली जाड मॅट असेल तर पुरता पायही जात नाही. मी खाली, आर्मवर बोट ठेवून. वर दांडा हलू लागला त्याच क्षणी खाली आर्म हलू लागला पाहिजे. आधीही नाही, नंतरही नाही. पाय काढला की आर्म पुढच्या टोकाला टेकला पाहिजे, आणि तिथे केबलला ना झोल ना ताण. पुरता पाय दाबल्यावर पंपाचा दांडा आपल्या टोकाला पोचला पाहिजे. त्याआधीच ट्रान्समिशनचा आर्म टेकला तर केबल तुटेल किंवा पाय अडेल.

इथे वरचा दांडा चांगलाच सरकल्यावर आर्म जागा होत होता. म्हणजे पाव पाय दाबला तरी ट्रान्समिशनला वाटायचं, ड्रायव्हर अजून रेंगाळतोय.

केबल जागेवर धरणारं कुलूप सोडण्याआधी तिच्या सध्याच्या जागी पांढऱ्या रंगाची रेघ मारली. मग कुलूप सोडलं, झोल काढला, पुन्हा कुलूप. पुन्हा पाय, पुन्हा बोट. एक खाच कमी वाटली, घेतली. आता दोघं एकदम हलू लागले.

12.30

जेवणाच्या सुट्टीत दादाचा फोन. कऱ्हाडला तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. त्याचे स्वतःचे ट्रक होते, त्यात एक 1613 ही होता. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं.

“म्हणजे गिअर कधी टाकायचा ते गाडीच ठरवणार?” तो म्हणाला. “मग डायवर काय करतो?”

“दादा, तो नुसता पाय ठेवतो.”

“आणि खंबाटकीला?”

“तिथंही पायच ठेवतो. म्हणून तर केबल नीट लागते.”

“आमच्या गाडीला कान होते बघ,” दादा म्हणाला, म्हणजे ड्रायव्हरचे कान. त्याचं खोटं नाही. घाटात लोडची गाडी कुठल्या आवाजाला खालच्या गिअरवर घ्यायची हे तिथला किन्नरही महिन्याभरात शिकतो. इथे ते शिकणारं यंत्र आहे, आणि त्याला शिकवणारी एक बोटभर सैल-घट्ट होणारी तार. डबा बायकोनं भरलेला होता, मेथीची भाजी थंडच खाल्ली.

1.15

दाब मोजला. अंदाजावर सोडायला मन होत नाही. ट्रान्समिशनच्या अंगावर गेज लावायला भोकं दिलेली असतात. पहिल्या गिअरवर, 1000 फेऱ्यांना, आर्म पुढच्या टोकाला असताना 54 ते 60 पौंड दाब हवा. आर्म मागे नेत गेलं की चढत 90 ते 96 पर्यंत जायला हवा. इथे तो 56 वरून 92 वर गेला, मध्ये कुठे अडखळला नाही. म्हणजे तेलाचा पंप शाबूत, व्हॉल्व्ह शाबूत. हाच दाब जर चढला नसता तर केबल कितीही ओढून उपयोग नव्हता, आणि मालकाला मोठ्या खर्चाची बातमी द्यावी लागली असती.

1.50

पुन्हा रस्त्यावर. हलक्या पायानं दुसरा आता 14 वर, तिसरा 23 वर. अर्ध्या पायाला तिसरा 36 वर. गिअर पडताना पाठीला कळतो, पण हिसका नाही. थांबताना उतरते गिअर विनातक्रार पडतात. केबल जास्त ओढली गेली असती तर थांबता थांबता धडका बसल्या असत्या.

पुरता पाय दाबून बघणं डिझेलमध्ये विसरायचं नसतं. केबल जास्त ताणली तर इंजिन 2500 ला जाऊन पोचतं, पंपाचा गव्हर्नर इंधन तोडतो, आणि गाडी तिथेच रडत राहते. वरचा गिअर पडायला लागणारा वेग येतच नाही. पाय काढल्याशिवाय सुटका नाही. पेट्रोलवाल्या मेकॅनिकला हे चटकन लक्षात येत नाही, कारण त्याच्याकडे फेऱ्यांना जागा असते. काही हौशी लोक पंपात 3000 फेऱ्यांचे स्प्रिंग घालतात आणि मग म्हणतात, गिअरही तितक्यावर पडू दे. ते केबलचं काम नव्हे. त्याला ट्रान्समिशनच्या गव्हर्नरची वजनं आणि स्प्रिंग बदलावे लागतात. या गाडीत तसलं काही नाही. पुरत्या पायाला तिसरा गिअर 2400 च्या आत पडला.

पण दुसऱ्या-तिसऱ्यातली ती उसळी पूर्ण गेली नव्हती. दोनशेची पन्नास-साठ झाली होती. पोरगा म्हणाला, अजून एक खाच ओढू या.

2.30

नाही ओढली. इथेच कारागीर आणि केबल ओढणारा वेगळे होतात. जुळवलेली केबल जुळलेली आहे. उरलेला दोष तिचा नाही, मग शिक्षा तिला का?

दुसऱ्या गिअरला पुढचा बँड ड्रमला आवळून धरतो. तिसऱ्याला जाताना बँड सुटतो आणि पुढचा क्लच पकडतो. बँड झिजून ढिला झाला की या अदलाबदलीत क्षणभर कुणाच्याच हातात काही नसतं, आणि इंजिन तेवढ्यात पळतं. त्याचा स्क्रू बाहेरच आहे, डाव्या बाजूला, आर्मच्या वर. चेकनट सैल केला, स्क्रू 72 इंच-पौंडांवर आवळला, आणि मग दोन फेऱ्यांना एक अष्टमांश कमी इतका मागे घेतला. स्क्रू धरून ठेवून चेकनट आवळला. तो आवळताना स्क्रू फिरला तर सगळं पाण्यात. मागचा बँड चेंबरच्या आत आहे. तो आणि फिल्टर एकदमच करायचे म्हणून चेंबरही उतरवला. या चेंबरला तेल सोडायचा बोल्टच नाही. कडेचे बोल्ट एकेक सैल करून एका कोपऱ्यातून तेल ओतायचं, आणि ते बादलीत पडेल तेवढंच बाहीतही पडतं. असा चेंबर ज्यानं कागदावर काढला तो कधी लिफ्टखाली उभा राहिला नसणार. तळाशी बारीक करडा गाळ होता, वयाला शोभेल इतका. धातूचे तुकडे नाहीत.

4.00

मालक ट्रेलर घेऊन आला, जुने हौद आणि गवताच्या गासड्या भरून. मी तसं मुद्दाम सांगितलं होतं. रिकाम्या गाडीवर सगळंच बरं वाटतं.

स्टेट रोड 46 पश्चिमेला निघाला की आधी सपाट शेतं, कापलेल्या मक्याचे खुंट, आणि मग ब्राऊन काउंटीत टेकड्या सुरू होतात. आमच्या घाटांपुढे त्या काहीच नाहीत, पण इंडियानात चढ म्हणावा असा तिथेच. गाडी मालकानं चालवली. चढाला त्यानं नेहमीच्या सवयीनं पाय आधीच दाबला, आणि गाडीनं तिसरा गिअर धरून ठेवला. ओव्हरड्राइव्हला पळाली नाही. काटा दोन हजारांच्या थोडा खाली स्थिर राहिला. उसळी नाही. तो काही बोलला नाही, पण रेडिओ लावला.

वर पोचल्यावर त्याला दोन गोष्टी सांगितल्या. ट्रेलर असेल तेव्हा ओव्हरड्राइव्ह डॅशबोर्डच्या बटनानं बंद ठेवा, 0.69 चा तो गिअर रिकाम्या गाडीच्या मैलांसाठी आहे, गुरांसाठी नाही. आणि लॉकअप कधी पकड-सोड, पकड-सोड करू लागला तर माझ्याकडे या, पण केबलला हात लावू नका. तो बहुधा थ्रॉटलचा सेन्सर झिजल्याचा आजार असतो, आणि केबलशी त्याचा संबंध नाही.

त्यानं विचारलं, आधीपेक्षा गिअर कडक पडतो, हे असंच राहणार का? हो म्हटलं. आठवडाभरात सवय होते.

5.30

बिल केलं: तेल, फिल्टर, गॅस्केट, मजुरी. केबलचे पैसे लावले नाहीत, कारण केबल तीच आहे. पोरग्यानं सकाळचे आणि दुपारचे आकडे एका कार्डावर लिहून ते गाडीच्या कागदांत ठेवलं, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

इथे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी हौसेनं असे जुने डिझेल पिकअप घेतलेत, त्यांना एकच विनंती आहे. गिअर लवकर पडतो की उशिरा, हे आधी मैलांत लिहून काढा, तेल न्यूट्रलमध्ये बघा, आयडल तपासा. आणि तरीही केबल हलवायचीच असेल तर ती आत्ता जिथे आहे तिथे आधी रंगाची रेघ मारा.